फ्यूजची तार

मीटरजवळ फ्यूज असतो. त्यात एक बारीक तार असते. ती ५ अँपिअरची आहे असे धरू. १००० वॅटच्या शेगडीला सुमारे सव्वाचार अँपिअर लागतात. तेवढे ती सोसते. पण अशीच शेगडी, इस्त्री आणि पाण्याचा हीटर एकदम लावले, की १३ अँपिअर होतात. तार वितळते, वीज तुटते. घर वाचते. आवरण गेलेल्या दोन वायरी एकमेकींना चिकटल्या, तर ती क्षणात जळते.

मग कोणी शहाणा म्हणतो, “जाड तार घाला, कटकट मिटेल!” आम्ही म्हणतो, बाबांनो, असे करू नका. जाड तार वितळत नाही. मग भिंतीवरची वायर तापते, तिचे आवरण पेटते, आणि आग थेट आढ्याला जाते.

आधी मेन स्विच बंद करा. बिघाड शोधा, नाही सापडला तर वायरमनला बोलवा. मगच ५ अँपिअरची तार घाला. नव्या घरांत तारेऐवजी खटका असतो. तो पडला तरी रीत हीच.