जनता कॉलनी : दोनदा हलविलेली वस्ती

सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग मराठी माणसे तंजावरला गेली व तेथलीच झाली. विसाव्या शतकात तमिळ मुलखातील कष्टकरी पोटासाठी मुंबईला आले. त्यांना 'येथलेच' होणे कितपत साधले, हे पाहावयाचे असल्यास ट्रॉम्बेच्या जनता कॉलनीचा इतिहास अभ्यासावा.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात मुंबई महापालिकेने दक्षिण मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील लोकांना शहराबाहेर ट्रॉम्बेकडे नेऊन वसविले. ही वस्ती चोरून बांधलेली नव्हती, हे ध्यानात ठेवावे. सोयी जवळजवळ नव्हत्याच. जागा राहण्याजोगी केली ती रहिवाशांनी. १९६३ साली कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावाहून मुंबईस आलेले जॉकिन अर्पुतम हे तरुण सुतार तेथेच राहत. वस्तीतला कचरा उचलला जात नसे, तेव्हा त्यांनी मुलांच्या हाती कचऱ्याच्या पुड्या देऊन त्या पालिकेच्या कचेरीपुढे टाकविल्या!

पुढे शेजारचे भाभा अणुसंशोधन केंद्र विस्तारले व त्यास ही जमीन हवी झाली. लोक न्यायालयात गेले, दिल्लीलाही गेले. अखेर आणीबाणीत, मे १९७६ मध्ये, मोठ्या पोलीस बंदोबस्तात सुमारे ७०,००० लोकांची ही वस्ती पाडण्यात आली. बदल्यात जवळच्या चीता कॅम्पच्या दलदलीत दहा बाय पंधरा फुटांचे तुकडे मिळाले.

नाबोथाच्या द्राक्षमळ्याची कथा वाचकांना परिचित आहे. अहाबाने त्याला आधी त्याहून चांगला मळा देऊ केला होता, हे मात्र आपण सहसा विसरतो. जमिनीच्या बदल्यात जमीन दिली की हिशेब मिटला, अशी सत्ताधाऱ्यांची समजूत फार जुनी आहे.

अमेरिकेतही हेच घडले. १९४९ च्या गृहनिर्माण कायद्यानंतर तेथे 'नागरी नूतनीकरणा'च्या नावाखाली अनेक कृष्णवर्णीय वस्त्या पाडल्या गेल्या. पिट्सबर्गच्या लोअर हिल भागातून सुमारे ८,००० माणसे हलविली गेली. त्या जागी १९६१ मध्ये भव्य प्रेक्षागृह उघडले. पुढे तेही पाडण्यात आले. या नूतनीकरणाचा खरा अर्थ काळ्या लोकांना हटविणे हाच आहे, असे लेखक जेम्स बाल्डविन यांनी १९६३ मध्ये स्पष्ट सांगितले. तेथे वर्ण होता. आपल्याकडे जात, भाषा व दारिद्र्य यांची गुंतागुंत आहे, म्हणून तुलना मर्यादेतच करावी. परंतु मनोविकारतज्ज्ञ मिंडी फुलिलव्ह यांनी २००४ च्या आपल्या ग्रंथात मांडलेला विचार दोन्हीकडे लागू पडतो. उपटलेल्या रोपाला बसतो तसा धक्का उठविलेल्या वस्तीला बसतो. उधारी देणारा वाणी, मूल सांभाळणारी शेजारीण, कामाची खबर आणणारा मित्र, यांची नोंद कोणत्याही पंचनाम्यात नसते.

अर्पुतम यांनी या पराभवातून एक धडा घेतला : आपली गणती आपणच करावी. त्यांनी उभारलेल्या राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघाने घरोघर फिरून स्वतःची मोजणी करण्याची रीत अनेक शहरांत रुजविली. २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

अभ्यासवर्गासाठी एक काम सुचवितो. आपल्या मंडळीत पुनर्विकासामुळे किंवा रस्तारुंदीमुळे घर सुटलेले एखादे कुटुंब असेल. त्यांच्याकडून जुन्या दहा शेजाऱ्यांची नावे व आजचे पत्ते लिहून घ्यावेत, आणि किती नावांपुढची जागा कोरी राहिली ते मोजावे.