बायबलचे एम.ए. आणि देणगीची पावती

"सिस्टर, तुम्ही देवासाठी शिकताय की कागदासाठी?"

अभ्यासक्रमाची छापील प्रत मागितली तेव्हा मला हे ऐकवण्यात आले. हिब्रूचा तास कधी सुरू होणार विचारले तेव्हाही हेच. गुणपत्रक मागितले, फीची पावती मागितली, तरी उत्तर बदलले नाही. विश्वासात वाढलेल्या माणसाला या प्रश्नावर बोलता येत नाही. देवासाठी म्हणावे तर पुढचे विचारायची सोय उरत नाही, आणि कागदासाठी म्हणायला जीभ रेटत नाही. ज्या संस्थेत मी बायबलचे एम.ए. केले त्याच संस्थेची आता नवी तुकडी सुरू होते आहे आणि आमच्या मंडळीतली तरुण मुले माझ्याकडे चौकशीला येत आहेत, म्हणून हे सगळे एकदाच लिहून ठेवते.

मी शाळेत मराठी शिकवते आणि संडे स्कूल अनेक वर्षे सांभाळते. नाशकातल्या शरणपूरच्या ख्रिस्ती परिसरात वाढलेल्या माणसाला बायबलची ओळख करून द्यावी लागत नाही. मला हवा होता तो शिस्तीने केलेला अभ्यास. एखादे पुस्तक कोणत्या काळात लिहिले गेले, कोणासाठी, शुभवर्तमाने एकमेकांशी कुठे जुळतात आणि कुठे वेगळी होतात, हे मला शिकायचे होते. पुढे एम.टीएच., म्हणजे ईश्वरविज्ञानातली पदव्युत्तर पदवी, करून मराठीतून लिहावे, शिकवावे असे मनात होते. आमच्याकडे उपदेश करणाऱ्या बायका थोड्या आणि शास्त्राभ्यास केलेल्या त्याहून थोड्या.

"शनिवार-रविवारच्या वर्गाला एम.ए. म्हणतात, हे तेव्हाच खटकायला हवे होते," असे मला आता सांगणारे पुष्कळ भेटतात. का खटकावे? माझे बी.ए. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे आहे. ते विद्यापीठ आमच्याच नाशकात, गोवर्धनला आहे. 1989 साली विधिमंडळाने कायदा करून ते स्थापन केले आणि नोकरी-संसार सांभाळून हजारो माणसे त्यातून पदवीधर झाली. सुट्टीच्या दिवशी शिकणे ही नाशिककराला संशयाची गोष्ट वाटत नाही, आणि वाटूही नये.

एम.ए.च्या पत्रकावर सगळे होते. संस्थेचा नोंदणी क्रमांक होता, आयएसओ प्रमाणपत्राचा शिक्का होता, "आंतरराष्ट्रीय मान्यता" असे ठळक अक्षरांत होते आणि खाली अमेरिकेतल्या एका विद्यापीठाचे नाव. संचालकांच्या नावामागे डॉक्टर. शहरातल्या एका हॉलमध्ये वर्ग भरत आणि पावसाळ्यात झूमवर. प्रवेशाचे पैसे वेगळे, सत्राचे वेगळे, प्रबंध तपासण्याचे वेगळे, पदवीदानाचे वेगळे, आणि त्या दिवशी घालायच्या गाऊनचे भाडेही वेगळे.

शिकवणे म्हणजे झेरॉक्सचे गठ्ठे. तेही कुठल्या इंग्रजी पुस्तकातून उचललेले ते कळू नये म्हणून वरचे मथळे झाकून काढलेले. "मृत समुद्राच्या गुंडाळ्या" या विषयावर एक तास झाला, त्यात 1947 साली कुमरान येथे त्या सापडल्या एवढेच हाती लागले. त्यांतल्या यशयाच्या गुंडाळीमुळे आपल्या हाती असलेला पाठ पारखता येतो, तो कसा, हे मी विचारले. उत्तर मिळाले, "सिस्टर, वचनावर शंका घेऊ नका."

आणि हिब्रू-ग्रीक? पहिल्या सत्रात सांगितले दुसऱ्या सत्रात. दुसऱ्या सत्रात सांगितले की आपल्या मराठी मंडळींना मूळ भाषा झेपत नाहीत, त्यांची गरजही नाही. हे वाक्य मला आजही सहन होत नाही. जॉन विल्सन यांनी 1832 साली मुंबईत मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. कोकणातल्या बेने इस्राएल यहुदी मंडळींना आपल्या शास्त्राची भाषा शिकता यावी म्हणून. पंडिता रमाबाई केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांवरून संपूर्ण बायबल मराठीत आणले. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या, तोपर्यंत त्या याच कामाला जुंपलेल्या होत्या. ते बायबल 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले, आश्रमातल्या बायकांच्या हातांनी. एका मराठी बाईने शंभर वर्षांपूर्वी जे करून दाखवले, ते तुम्हाला झेपणार नाही म्हणून नाशकातल्या वर्गात एका मराठी बाईला सांगायचे! या लोकांनी माझे पैसे घेतले याचा राग कधीतरी ओसरेल. या वाक्याचा ओसरणार नाही.

तरीही मी काम केले. माझा प्रबंध रूथच्या पुस्तकावर होता. दुष्काळामुळे परमुलखात गेलेली आणि विधवा होऊन गावी परतलेली बाई, आणि कापणी करणाऱ्यांच्या मागे जाऊन सरवा वेचणारी तिची सून. सुरगाणा-पेठकडून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत येणाऱ्या मजूर बायका मी लहानपणापासून पाहते. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आज्ञा आहे की द्राक्षमळा झाडून वेचू नये, गळालेली द्राक्षे गोळा करू नयेत, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावीत. ही आज्ञा आमच्या तालुक्यांत कशी वाचली जाईल, असा माझा विषय. मी बागांवर गेले, बायकांशी बोलले, रात्री जागून लिहिले. मार्गदर्शकांनी एकदाही पेन्सिलची खूण केली नाही. मुखपृष्ठाचा रंग तेवढा बदलायला सांगितला. मला अ श्रेणी मिळाली, पदवीदान झाले, फोटो निघाले. आईने तो फोटो समोरच्या भिंतीवर लावला.

खरे काय ते पुण्यात कळले. एम.टीएच.च्या चौकशीसाठी मी तिथल्या एका सेमिनरीत गेले होते. कार्यालयातल्या बाईंनी कागद पाहिले आणि थेट काही न बोलता मला जुन्या कराराच्या प्राध्यापकांकडे नेले. त्यांनी प्रबंध उघडला. मी जिथे जिथे हिब्रू शब्द दिले होते तिथे ते थांबले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "ताई, ही अक्षरं उलटी छापली गेली आहेत. हिब्रू उजवीकडून डावीकडे लिहितात. इथे प्रत्येक शब्द डावीकडून उजवीकडे आहे."

डीटीपीवाल्याच्या संगणकाने अक्षरे फिरवली होती. मला एक अक्षर शिकवलेले नव्हते, मी कशी ओळखणार? पण माझे मार्गदर्शक, बाहेरचे परीक्षक आणि "हिब्रू पंडित" म्हणवणारे संचालक, या तिघांच्या सह्या त्या प्रबंधावर आहेत. हिब्रूची वर्णमाला ओळखणाऱ्याला पहिल्याच पानावर दिसली असती अशी गोष्ट त्यांच्यापैकी एकालाही दिसली नाही. म्हणजे एक तर त्यांनी प्रबंध उघडला नाही, नाहीतर त्यांना अलेफ-बेथ येत नाही. तिसरी शक्यता मला सुचत नाही.

प्राध्यापकांनी मला हिणवले नाही. द्राक्षबागांबद्दल त्यांनी बराच वेळ विचारले, माझ्या प्रबंधाबद्दल कोणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. मग त्यांनी सांगितले की आपल्या बायबलमध्ये रूथ शास्तेनंतर येते, पण हिब्रू बायबलमध्ये ती तिसऱ्या विभागात, कतुवीममध्ये आहे, आणि यहुदी लोक ती कापणीच्या शावूओत सणाला वाचतात. कापणीचा सण! माझ्या विषयाचा गाभाच तो, आणि ज्या संस्थेने मला त्या पुस्तकावर पदवी दिली तिथे कोणी तो शब्द उच्चारला नव्हता. मी तिथेच रडले. शेवटी ते म्हणाले, "एम.टीएच.ला आधी बी.डी. ही ईश्वरविज्ञानाची पदवी लागते. जुन्या करारासाठी हिब्रू यायला हवे, नव्यासाठी ग्रीक. तुमचे हे एम.ए. आमच्याकडे कशातच बसत नाही. हे कुठल्या विद्यापीठाचे आहे, तेच यावर लिहिलेले नाही."

नाशिकला परतून मी संचालकांना भेटले. त्यांनी चहा दिला, प्रार्थना केली. मी फी परत मागितली तेव्हा ते म्हणाले, "फी? आम्ही फी घेतच नाही. तुम्ही सेवाकार्याला दान दिलंत." मी घरी येऊन फाईल काढली. प्रत्येक पावतीवर "ऐच्छिक देणगी" असे छापलेले होते. मी दर वेळी फीची पावती मागितली होती आणि दर वेळी "ट्रस्टचं एकच पावतीपुस्तक आहे, सिस्टर" असे उत्तर मिळाले होते. हे चुकून होत नाही. पावतीपुस्तक छापायला दिले त्या दिवशीच परताव्याच्या प्रश्नाचे उत्तर तयार झाले होते.

नंतर जे कळले ते थोडक्यात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्यातील कलम 22 प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार केंद्र किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठाला, अभिमत विद्यापीठाला किंवा संसदेने तसा खास अधिकार दिलेल्या संस्थेलाच आहे. धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंद असणे म्हणजे पदवी देण्याचा अधिकार नव्हे. आयएसओचा तर याच्याशी संबंधच नाही. ग्राहक आयोगाकडे जावे म्हटले तर वकिलांनी सांगितले की शिक्षण ही त्या कायद्याखालची "सेवा" ठरते का, यावरच न्यायालयांत वाद आहेत, आणि त्यात पावती देणगीची. तरी मी लेखी तक्रार दिली आहे.

मग शिकायचे कुठे? घराणे माहीत असलेल्या ठिकाणी. बंगालमधल्या सेरामपूरचे कॉलेज 1818 चे. त्याच्या संस्थापकांपैकी विल्यम केरीचे मराठी व्याकरण 1805 मध्ये त्याच गावी छापले गेले. कॉलेजला 1827 साली डेन्मार्कच्या राजाची सनद मिळाली आणि पुढे 1918 चा बंगालचा कायदा झाला. त्या कायद्याखालची सेनेट देशभरच्या सेमिनरींना बी.डी. आणि एम.टीएच. देते. पुण्यात युनियन बिब्लिकल सेमिनरी बिबवेवाडीला आहे, ती 1983 मध्ये यवतमाळहून आली. कॅथलिकांसाठी ज्ञानदीप विद्यापीठ आहे, 1893 मध्ये कँडीत सुरू होऊन 1955 मध्ये पुण्यात आलेले, रोमच्या अधिकाराखालचे. ज्यांना घर सोडता येत नाही त्यांच्यासाठी सेनेटचेच ख्रिस्ती अभ्यासाचे बाह्य अभ्यासक्रम आहेत. हे मला आधी कोणी सांगितले नाही, आमच्या पाळकांनीसुद्धा नाही, आणि त्यांना ते माहीत होते.

एक गोष्ट नीट समजून घ्या. आशिया थिऑलॉजिकल असोसिएशनसारख्या मंडळाची मान्यता ही सेमिनरींनी एकमेकींच्या शिक्षणाची केलेली पारख आहे. ती खोटी नाही, चर्चमध्ये आणि दुसऱ्या सेमिनरीत तिला वजन आहे, पण ती सरकारी मान्यता नव्हे. शाळेतल्या पगारवाढीसाठी किंवा विद्यापीठातल्या पीएच.डी.साठी पदवी हवी असेल तर त्या शाळेला, त्या विद्यापीठाला आधी विचारा. अमेरिकेचे नाव सांगितले तर त्या संस्थेला मान्यता देणारे मंडळ तिथल्या शिक्षण खात्याच्या यादीत आहे का ते पाहा. यादी इंटरनेटवर आहे, सायबर कॅफेतला मुलगाही काढून देईल.

सगळ्यात उपयोगी पडेल ते हे. प्रवेश घेण्याआधी, या पदवीनंतर तुम्हाला जिथे जायचे आहे त्या ठिकाणाला लिहा: "अमुक संस्थेची ही पदवी तुम्ही धरता का?" उत्तर लेखी मागा. मला पुण्यात जे समजले ते या एका पत्राने आधीच समजले असते. वर्गात बसायला मिळाले तर मेजावर कुठली पुस्तके आहेत ते पाहा. हिब्रूसाठी बिब्लिया हेब्राइका, ग्रीकसाठी नेस्ले-आलांड, निदान एखादे व्याकरण दिसायला हवे. एम.ए. म्हणून बायबल शिकवणाऱ्याकडे यातले काहीच नसेल तर उठून या. पावतीवर "शुल्क" हा शब्द नसेल तर पैसे देऊ नका, दिलेच तर धनादेशाने द्या आणि मागे कशासाठी ते लिहा. संस्थेने निवडून भेटवलेल्या माजी विद्यार्थ्याशी बोलू नका, स्वतः शोधा. पदवीदानाचे पैसे वेगळे मागणाऱ्यापासून सावध राहा. बाकी घाई करू नका, घरच्यांशी बोला, प्रार्थना करा, हे तर आहेच.

आणि कोणी तुम्हाला "देवासाठी की कागदासाठी" असे विचारले तर सरळ सांगा की देवासाठी शिकतो आहे, म्हणूनच हिशोब नीट हवा. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, वर्गणी यरुशलेमला नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून त्याने किती काळजी घेतली ते आठव्या अध्यायात आहे. संचालकांनी तो अध्याय आम्हाला शिकवला होता, दानाच्या तासाला.

आईच्या भिंतीवरचा फोटो मी काढला. ती म्हणाली, "राहू दे, मेहनत तर तुझीच होती." मेहनत माझीच होती, तो प्रबंधही माझाच आहे. सध्या मी जुन्या कराराच्या त्या प्राध्यापकांनी सुचवलेल्या व्याकरणावरून हिब्रू शिकते आहे आणि रूथचा पहिला अध्याय पुन्हा लिहायला घेतला आहे. नव्या तुकडीचे पत्रक आमच्या चर्चच्या फलकावर लागले होते, ते मी पाळकसाहेबांना सांगून उतरवायला लावले. ज्यांना माझ्या पावत्या आणि ते प्रमाणपत्र डोळ्यांनी बघायचे असेल त्यांनी रविवारी उपासनेनंतर थांबावे, सगळ्यांच्या झेरॉक्स माझ्या पिशवीत असतात.