जुन्या मूर्तीची ओळख नोंदवून ठेवण्याची कृती

तंजावूरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर राजराज चोळाच्या काळी उत्सवमूर्तींच्या नोंदी कोरल्या गेल्या: मूर्ती कोणती, तिचे हात किती, पायांपासून केसांपर्यंत उंची किती. चोरीच्या तपासात आजही आधी हेच विचारतात. गावातल्या देवळाची किंवा घरच्या देवघरातली जुनी मूर्ती असेल, तर हे काम एका दुपारचे आहे. ते चोरीच्या आधीच व्हायला हवे.

मूर्ती चिंच-लिंबाने घासू नका. तेव्हाच्या तंजावूर जिल्ह्यातल्या पत्तूरला १९७६ मध्ये जमिनीत सापडलेला नटराज लंडनला पोचला होता. तिथल्या खटल्यात मूर्तीवरची माती आणि वाळवीच्या खुणा पुराव्यात आल्या. १९९१ मध्ये देव परत आला. घासलेल्या मूर्तीवर असे काही उरत नाही.

गुरवांशी बोलून अभिषेकाआधीची वेळ ठरवा. वस्त्रे, दागिने, फुले उतरली की दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि उचलता आली तर पीठाच्या तळाचाही. कॅमेरा मूर्तीच्या मध्याच्या उंचीवर धरा, शेजारी सेंटिमीटरची पट्टी उभी करा. पॅरिसच्या पोलिसांत अल्फोन्स बर्तियोंने एकोणिसाव्या शतकात आरोपींचे समोरून आणि बाजूने, ठरलेल्या अंतरावरून फोटो घेण्याची शिस्त घातली, ती दोन फोटो ताडून पाहता यावेत म्हणून.

मग दोष शोधा. माझ्या मते सगळ्या कृतीत मोलाचे काम हेच. तुटलेले बोट, प्रभावळीची गळालेली ज्योत, ओतताना राहिलेले छिद्र, नंतर केलेला जोड यांचे जवळून फोटो घ्या. मेणाच्या नमुन्यावर केलेल्या मातीच्या साच्यात धातू ओतल्यावर साचा फोडावाच लागतो, त्यामुळे हुबेहूब दुसरी मूर्ती निघत नाही. तमिळनाडूतल्या श्रीपुरंदनच्या देवळातून चोरीला गेलेला नटराज कॅनबेराच्या संग्रहालयात असल्याचे पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेतल्या जुन्या फोटोंशी ताडून ठरले. २०१४ मध्ये तो भारतात आला. पीठावरचा लेख झिजला असेल तर टॉर्च बाजूने तिरपी धरा, सावलीमुळे अक्षरे उठून दिसतात.

पीठासह आणि पीठाशिवाय उंची, रुंदी, वजन, धातू, तारीख कागदावर लिहा. एक प्रत देवळाबाहेर ठेवा.

चित्र असेल तर मागची बाजू आणि चौकटही टिपा. चित्रेही चोरीला जातात: तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातून गेलेले सरफोजीराजे आणि त्यांचे पुत्र शिवाजी यांचे चित्र अमेरिकेतल्या पीबडी एसेक्स संग्रहालयाने २००६ मध्ये ३५,००० डॉलरना घेतले होते.

शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती आणि चित्रांची १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंद करा. चोरी झालीच तर गाभाऱ्यात कोणालाही जाऊ देऊ नका, रिकाम्या पीठाला हात लावू नका. ठसे त्यावर मिळू शकतात. फिर्याद देतानाच फोटो आणि मापांचा कागद जोडा.