पहिला पगार पोळ्याच्या आत

नगर जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका महाविद्यालयात मी भूगोल शिकवला आणि त्याच्या जोडीला बरीच वर्षे विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून काम पाहिले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत हे पद असते. विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास मंडळाच्या योजना मुलांपर्यंत नेण्याची जबाबदारी या माणसावर असते. त्यांत मला सगळ्यात जवळची वाटली ती कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना. आसपासच्या गावांतून, वाड्यांवरून, तांड्यांवरून बारावी होऊन आलेली मुले दिवसाचे दोन-तीन तास महाविद्यालयातच काम करतात आणि तासाच्या हिशेबाने त्यांना पैसे मिळतात. यातली बरीच मुले घरातली पदवीला बसणारी पहिलीच. आता हे काम नव्याने हाती घेणारे तरुण प्राध्यापक फोन करून विचारतात की नेमके कुठे लक्ष द्यायचे. त्यांना तोंडी जे सांगतो तेच इथे लिहितो.

१. पहिला पगार पोळ्याच्या आत हातात पडला पाहिजे.

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि जून-जुलैत प्रवेश होतात. हेच दिवस घरात सर्वांत ओढाताणीचे. बी-बियाणे, खते यांत होते-नव्हते ते सगळे गेलेले असते. त्यातून मुलाच्या प्रवेशाचे, पुस्तकांचे, जाण्यायेण्याचे पैसे काढायचे. शासकीय शिष्यवृत्ती असते, पण अर्ज, छाननी, मंजुरी असे टप्पे पार करत ती खात्यावर जमा होईपर्यंत निम्मे वर्ष सरते, कधी पूर्ण वर्ष.

आमच्या भागात याच्यावर आणखी एक घाव बसतो. पाथर्डी, शेवगाव आणि पलीकडे बीड जिल्ह्यातली हजारो जोडपी दरवर्षी ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते. दसरा झाला, कारखान्यांचे गाळप जवळ आले की ट्रॅक्टर भरायला लागतात. मागे म्हातारी आजी, धाकटी भावंडे, दोन शेळ्या. अशा वेळी बारावी झालेल्या थोरल्या मुलीला सांगितले जाते, तू घर सांभाळ. थोरल्या मुलाला सांगितले जाते, चल आमच्याबरोबर, एक कोयता वाढेल. महाविद्यालय सुटते ते इथे. परीक्षेत नापास होऊन शिक्षण सोडणारी मुले मी पाहिली, पण दसरा-दिवाळीच्या दरम्यान गुपचूप नाहीशी होणारी त्याहून कितीतरी जास्त पाहिली.

म्हणून दसऱ्याच्या आधी मुलाच्या स्वतःच्या खात्यात स्वतःच्या कामाचे पैसे आलेले असणे फार महत्त्वाचे. रक्कम मोठी नसते. पण घरात बोलणे निघते तेव्हा त्या मुलाला म्हणता येते, माझा खर्च मी भागवतो, तुम्ही जा. मी दरवर्षी मे महिन्यातच प्रत्येक विभागाकडून कामांची यादी मागवत असे आणि योजनेचा अर्ज प्रवेशाच्या रांगेतच भरून घेत असे. जुलैत काम सुरू झाले तर पहिला पगार पोळ्याच्या आत होतो. मग पुढचे सगळे सोपे जाते.

२. फी माफ झाली म्हणजे शिक्षण फुकट झाले, असे समजू नका.

मुलींसाठी शासनाने चांगली पावले उचलली आहेत. २०२४-२५ पासून, वार्षिक कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि मागास घटकांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ झाली. याचा आनंदच आहे. पण मुलीला विचारा, खर्च कशावर होतो? बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास होता, आता सवलतीचा असला तरी पैसे मोजून काढावा लागतो. विज्ञान शाखेला ॲप्रन आणि जर्नल. खोलीचे डिपॉझिट. मेसचा डबा. मोबाईलचे रिचार्ज, कारण सूचना, नोट्स, अर्ज सगळे त्यावरच येते.

आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी हे फार आधी ओळखले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला हात दिला आणि मग निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह चालवले. पुढे १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू केली, तीही खेड्यातून आलेल्या मुलांच्या राहण्याजेवणाची सोय म्हणूनच. राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण यापासून या सगळ्यांनी सुरुवात केली. आजच्या योजना फीपासून सुरू होतात आणि बहुतेक वेळा तिथेच थांबतात.

३. पैसे कामाचेच असू द्या.

कर्मवीरांच्या वसतिगृहातली मुले शेतात राबत, स्वयंपाक करत, विहिरी खणत. स्वावलंबी शिक्षण हे रयतेचे ब्रीद त्या मातीतून आले. त्याआधीच्या काळात गरीब मुलगा वार लावून जेवायचा, सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. तेही शिकले आणि मोठे झाले, त्यांना जेवू घालणाऱ्या माउलींना माझा नमस्कार. पण त्या ताटाबरोबर जे ओझे यायचे ते अनेकांना जन्मभर पुरले. कष्टाच्या पैशात ते ओझे नसते.

यासाठी हजेरीचे रजिस्टर चोख ठेवावे. आमच्या रजिस्टरमध्ये तारीख, कामाचे स्वरूप, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, विद्यार्थ्याची सही आणि कामावर देखरेख करणाऱ्याची सही असे रकाने होते. महिनाअखेरीला मूल स्वतः तासांची बेरीज करायचे, मी ती तपासायचो. एका मुलाने एकदा बेरीज करून माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाला, सर, बाराव्या तारखेला मी अर्धा तास आधी गेलो होतो, तो कमी करा. तो अर्धा तास कमी करून दिल्यावर त्याने सही केली. सही करताना त्याची मान ताठ होती. ज्या मुलाला हे पैसे आपले वाटतात तोच असे म्हणू शकतो.

आणि कृपा करून या मुलांना व्यासपीठावर बोलावून धनादेश देतानाचे फोटो काढू नका. प्राध्यापकांचा पगार खात्यावर जमा होतो, तेव्हा कोणी टाळ्या वाजवत नाही.

४. काम शोधून द्यावे लागते.

योजना सुरू झाली की सगळ्यांत सोपे म्हणजे मुलांना मैदानावरचे गवत काढायला लावणे. श्रमाचे काम हलके नसते, बागेत मीही मुलांबरोबर उभा राहिलो आहे. पण तीन वर्षे तेच काम दिले तर मुलाच्या हाती पैशांपलीकडे काही लागत नाही. बागकाम, ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय अशी पाळी लावली पाहिजे. वर्ष संपेपर्यंत प्रत्येकाला निदान दोन विभाग पाहायला मिळावेत.

ग्रंथालयाचे उदाहरण देतो. पाथर्डीकडच्या एका तांड्यावरून आलेली मुलगी कला शाखेच्या पहिल्या वर्षाला होती. तिला नव्या पुस्तकांचे काम दिले. पुस्तक आले की दाखल नोंदवहीत नंबर टाकायचा, पहिल्या पानावर आणि ठरलेल्या गुप्त पानावर शिक्का मारायचा, कण्यावर वर्गांकाची चिठ्ठी चिकटवायची, मग कपाटात जागेवर लावायचे. सुरुवातीला ती चिठ्ठ्या फार हळू चिकटवायची, कडा अंगठ्याने दाबून दाबून सरळ करायची. दिवाळीपर्यंत कुठला विषय कुठल्या कपाटात आहे हे तिला आमच्या लिपिकापेक्षा लवकर सांगता यायला लागले. मुले तिला येऊन पुस्तक विचारायची. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी ती मुलगी दुसऱ्या वर्षी पुढच्या बाकावर आली. तिने पुढे ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली आणि आज ती एका शाळेच्या ग्रंथालयात आहे.

संगणकावर नोंदी करणे, प्रयोगशाळेत उपकरणे लावून ठेवणे, हवामानाच्या नोंदी घेणे, प्रवेशाच्या वेळी मदत कक्षात बसणे ही सगळी कामे मुलांना जमतात. विभागप्रमुख सुरुवातीला नाही म्हणतात. त्यांच्याकडे दोनदा जावे.

५. कामाचे तास शेवटच्या गाडीच्या आधी संपावेत.

याबद्दल जास्त लिहिण्यासारखे नाही, पण विसरले जाते. मुक्कामी गाडी सहाला सुटत असेल तर साडेपाचला मूल मोकळे पाहिजे. परीक्षेच्या आधी तास कमी करावेत आणि सुट्टीत भरून घ्यावेत.

६. कागद गोळा करण्यात मुलाचे वर्ष जाऊ देऊ नका.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर, अधिवास, रेशनकार्ड, आधारशी जोडलेले बँक खाते. बारावी झालेल्या मुलाला एका महिन्यात हे सगळे उभे करायचे असते. तलाठी, सेवा केंद्र, तहसील अशा त्याच्या आणि त्याच्या बापाच्या खेपा होतात. प्रत्येक खेपेला बापाचा एक रोज बुडतो. एक वर्षाच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

यावर आम्ही एक गोष्ट केली आणि ती उपयोगी पडली. बारावीची परीक्षा संपली की एप्रिलमध्येच आसपासच्या कनिष्ठ महाविद्यालयांत जाऊन मुलांना यादी द्यायची. कुठला दाखला कुठे मिळतो, त्याला काय जोडायचे, किती दिवस लागतात, सगळे एका पानावर मराठीत. सगळ्यांत जास्त अडचण बँक खात्याची निघायची. खाते असते, पण आधारशी जोडलेले वेगळेच, कुणाचे तर लहानपणी शाळेने काढलेले आणि केव्हाच बंद पडलेले. शिष्यवृत्ती मंजूर होऊनही पैसे न येण्यामागे हे कारण अनेकदा सापडते. म्हणून पहिल्याच आठवड्यात मुलाला बँकेत पाठवून ते तपासून घ्यावे. आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुले मदत कक्षात बसवावीत, तेही कमवा व शिकाचेच काम म्हणून. नव्या मुलाला प्राध्यापकाला विचारायची भीती वाटते, ताईला किंवा दादाला विचारायची वाटत नाही.

७. घरच्यांशी बोला, आणि त्यांच्या ओट्यावर बसून बोला.

एका मुलीचे वडील थेट माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, “सर, पोरगी शिकायला पाठवलीय, कामाला नाय लावली आम्ही. गाव काय म्हणंल?” त्यांचा राग खरा होता. आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबलेल्या माणसाला मुलीने तरी राबू नये असे वाटणारच. मी त्यांना ग्रंथालयात नेले. “भाऊ, हे बघा, इथं बसून करते. वर बाई आहेत, पाचला सुट्टी.” ते बराच वेळ कपाटांकडे बघत राहिले. मग मुलीला म्हणाले, “नीट कर गं.” नंतर त्यांच्या वाडीवर गेलो तेव्हा चहा झाला आणि त्याच वाडीतल्या आणखी मुलींचे अर्ज आले.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांकडे दसऱ्याच्या आधी जावे. धाकट्या भावंडांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय जवळच्या शाळेत आहे का, ते विचारून ठेवावे. ती सोय झाली तर थोरलीचे महाविद्यालय वाचते.

८. निवड फक्त टक्क्यांवर करू नका.

बारावीला ५५ टक्के मिळवणारा मुलगा पहाटे दूध घालून, शेतात पाणी धरून शाळेला आलेला असू शकतो. घरची परिस्थिती, अंतर, घरातले पहिलेच शिक्षण, पालक हंगामी मजूर आहेत का, हे सगळे पाहून यादी लावावी. मराठी माध्यमातून येऊन विज्ञान शाखेत इंग्रजी पुस्तकांपुढे बसलेल्या मुलाला पहिल्या सत्रात आधार लागतो, त्याच्यासाठी विद्यापीठाची विशेष मार्गदर्शन योजना आहे, ती वापरावी. पहिल्या सत्राच्या गुणांवरून कुणालाही योजनेतून काढू नये. मुलाला जम बसायला एक वर्ष लागते.

९. जुन्या मुलांना बोलवा, पण मागा ते नेमके.

या योजनेतून गेलेली मुले आज शिक्षक आहेत, पोलीस आहेत, बँकेत आहेत, काही चांगले शेतकरी आहेत. त्यांना नुसते मेळाव्याला बोलावून हार घालण्यापेक्षा स्पष्ट सांगावे की जून-जुलैत अमुक इतक्या मुलांचे एसटीचे पास आणि खोलीचे डिपॉझिट भरायचे आहे, शिष्यवृत्ती आली की परत मिळेल. आमच्याकडे असा फिरता निधी झाला आणि पैसे परत येत राहिले. मोठ्या देणगीदाराची वाट पाहत बसण्याची गरज पडली नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या शेजारी, शेतावर किंवा वाडीत या वर्षी एखादे मूल बारावी झाले असेल, तर निकालाच्या दिवशी पेढे देताना त्याला एवढे विचारा: दाखले काढलेस का, बँकेचे खाते आधारला जोडले आहे का? आणि त्याला घेऊन जवळच्या महाविद्यालयात जा, विद्यार्थी विकास अधिकारी कोण ते विचारा आणि कमवा व शिकाचा अर्ज त्याच दिवशी भरून घ्या. जूनमध्ये जा. दिवाळीनंतर गेलात तर उशीर झालेला असेल.