काळे मांजर

भुताची गोष्ट म्हणजे निव्वळ भिववण्याचे साधन, असे मानणाऱ्यांनी कानेतो शिंदो या जपानी दिग्दर्शकाचा १९६८ सालचा ‘कुरोनेको’ हा कृष्णधवल चित्रपट अवश्य अभ्यासावा. ‘कुरोनेको’ म्हणजे काळे मांजर.

युद्धग्रस्त प्राचीन जपानात भुकेले सामुराई, म्हणजे तेथील योद्धे, एका शेतकऱ्याच्या झोपडीत शिरतात. ते अन्न ओरबाडतात, घरातील सासू-सुनेवर अत्याचार करतात आणि झोपडी पेटवून निघून जातात. प्रेतांपाशी एक काळे मांजर येते. पुढे राजोमोन वेशीपाशी एक सुंदर तरुणी वाटेवरच्या सामुराईंना रात्री सोबत मागू लागते, आणि त्यांचे गळे फाडले जातात. सर्व सामुराईंचे रक्त पिण्याची शपथ दोघींनी घेतलेली असते.

येथवर ही सरळ सूडकथा आहे. परंतु लढाईवर नेलेला घरचा मुलगा सामुराई होऊन परततो आणि त्या भुतांचा नाश करण्याची आज्ञा नेमकी त्यालाच होते! शपथेतील ‘सर्व’ या शब्दात आता पतीही आला, पुत्रही आला. सून शपथ मोडते; पतीसह सात रात्री काढून त्यांच्या मोबदल्यात नरक पत्करते. आमच्या मते हाच चित्रपटाचा गाभा होय. सासू शपथ सोडीत नाही. पुत्राने तोडलेला आपला हात, आता मांजराचा झालेला, परत नेण्यासाठी ती वेषांतर करून त्याच्याच दारी येते. वातानाबे नो त्सुना या वीराच्या दंतकथेतही असाच प्रसंग आहे.

अखेरीस जळक्या झोपडीच्या जागी पुत्र कोसळतो. वरून बर्फ पडत राहते आणि मांजराचा आवाज ऐकू येतो.