सातबारा ‘तयार’ केव्हा म्हणावा?

भाकरी तयार झाली की तव्यावरून उतरविता येते. घर तयार झाले की त्यात राहावयास जाता येते. परंतु लाखो लोकांच्या नोंदी असलेली संगणकीय नोंदवही, म्हणजे डेटाबेस, लोकांच्या हाती देण्याजोगी केव्हा होते, या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही. संगणकाच्या जगात कार्यक्रमातील चुकीला ‘बग’ म्हणतात, आणि ती चूक बहुधा वापरणाराच प्रथम पाहतो. मग किती तक्रारी येईपर्यंत थांबावे आणि कोणत्या क्षणी ‘आता हे वापरा’ असे सांगावे? हे समजून घेण्यासाठी दूर जावयास नको. आपल्या चांदवड तालुक्यातील प्रत्येक शेतकऱ्याच्या घरात सापडणारा सातबारा त्यास पुरेसा आहे.

गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा म्हणजे सातबारा. जमीन कोणाची, किती, तिच्यावर बोजा कोणाचा हे सातमध्ये. पीक कोणते हे बारामध्ये. पिढ्यान्‌पिढ्या तो तलाठ्याच्या (आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणावयाचे) हस्ताक्षरात असे. राज्यातील असे सुमारे अडीच कोटी सातबारे संगणकावर घ्यावयाचे होते. कुठे कागद जीर्ण, कुठे अक्षर लागत नाही, कुठे एकच खातेदार दोन तऱ्हांनी लिहिलेला. चुका होणारच होत्या.

या चुका दोन जातींच्या असतात. समजा, एका गटाचे क्षेत्र एक हेक्टर वीस आर आहे आणि तिघा भावांचे प्रत्येकी चाळीस आर. टंकताना एकाचे चाळीसऐवजी चार आर झाले, तर बेरीज चुकते आणि संगणक ते तत्काळ दाखवितो. एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज यांचा मेळ न बसणारे गट शोधण्याचे काम यंत्राने झाले, ते याच रीतीने. पण समजा, दोघा भावांचे पन्नास आणि तीस आर आपसांत बदलले गेले, किंवा ‘सखुबाई’च्या जागी ‘सरुबाई’ पडले, तर बेरीज बिनचूक राहते आणि यंत्र गप्प बसते. ही चूक ज्याची जमीन त्यालाच कळते.

म्हणूनच २०१७ साली गावोगावी चावडीवाचन झाले. संगणकातील सातबारे छापून चावडीवर वाचून दाखवावयाचे आणि खातेदारांचे आक्षेप लिहून घ्यावयाचे, अशी ती मोहीम होती. माझ्या मते संगणकाच्या इतिहासात नोंदविण्याजोगी ही गोष्ट आहे. कार्यक्रम बाजारात आणण्यापूर्वी तो मोजक्या लोकांना वापरावयास देऊन चुका मागविणे, याला संगणकवाले ‘बीटा’ चाचणी म्हणतात. आपल्याकडे तीच गोष्ट पारावर आणि चावडीत, मोठ्याने वाचून झाली. पुढे १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा लोकांसाठी खुला झाला. त्या दिवशी साऱ्या राज्याचे उतारे एकदम आले नाहीत. तपासणी पुरी होईल तसतशी भर पडत गेली, हे शहाणपणाचे होते.

तरीही एक शंका उरते. चावडीवर ज्या सातबाऱ्यावर आक्षेप आला नाही तो बिनचूक मानावा काय? पोटासाठी मुंबईला गेलेला खातेदार त्या दिवशी गावात नसतो. सासरी गेलेल्या बहिणीला वाचन केव्हा आहे हेच ठाऊक नसते. चाचणीने चुका आहेत हे सिद्ध करता येते, चुका नाहीत हे सिद्ध करता येत नाही, असा विचार डच संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी मांडला आहे. चावडीलाही तो लागू पडतो. तक्रार नसणे म्हणजे चूक नसणे नव्हे.

मोठमोठ्या जाणकारांचीही यातून सुटका नाही. ‘पोस्टग्रेस’ हा जगभर वापरला जाणारा डेटाबेस. त्याची चौदावी आवृत्ती रीतसर बीटा चाचण्यांनंतर ३० सप्टेंबर २०२१ रोजी आली. कित्येक महिन्यांनी असे आढळले की, काम चालू असताना सूची बनविण्याच्या एका पद्धतीत ती सूची गुपचूप बिघडू शकते. म्हणजे पुस्तकात मजकूर आहे, पण शेवटच्या सूचीत त्याचे पान नाही. मंडळींनी नेहमीच्या वेळापत्रकाची वाट न पाहता १६ जून २०२२ रोजी दुरुस्त आवृत्ती काढली आणि कोणी काय तपासावे हेही जाहीर केले.

नोंद गप्प राहिली तर काय होते, हे आपल्या भागाने २०२३ साली पाहिले. कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर झाले, पण सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती. पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावयाची ‘ई-पीक पाहणी’ २०२१ पासून सुरू झालेली. ज्याला ती जमली नाही त्याचा रकाना रिकामा. रिकामा रकाना ‘कांदा लावला नाही’ असे सांगतो की ‘नोंद झाली नाही’ असे, हे यंत्राला कसे कळावे? शेवटी गावपातळीवर पडताळणीची वाट काढावी लागली.

यावरून मला असे वाटते की, चुकांची संख्या शून्यावर येणे ही ‘तयार’ची कसोटी होऊ शकत नाही, तसे मानले तर काहीच कधी तयार होणार नाही. खऱ्या कसोट्या तीन. ज्या चुकीने कोणाची जमीन वा कर्ज बुडेल, तशी माहीत असलेली एकही चूक शिल्लक नसावी. जे गप्प राहिले त्यांच्यापर्यंत कोणी तरी गेलेले असावे. आणि नंतर सापडलेली चूक दुरुस्त करण्याचा रस्ता उघडा असावा. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ ने लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचा तो रस्ता दिला आहे, आणि ‘ई-हक्क’ प्रणालीतून घरबसल्याही अर्ज करता येतो. परंतु अर्ज करण्यापूर्वी चूक दिसली पाहिजे, आणि ती दिसण्यासाठी उतारा वाचता आला पाहिजे.

यातील दुसरी कसोटी आपल्या हाती आहे. आमच्या घरी कागद वाचून दाखविण्याचे काम माझ्याकडे आहे. माझ्याआधी घरात कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही. आपल्या वर्गातील अनेकांची हीच स्थिती असेल. सुटीत गावी गेल्यावर घरचा आणि शेजारच्या एखाद्या आजीचा सातबारा काढून नाव, क्षेत्र, बोजा आणि पीक हे चार रकाने मोठ्याने वाचावेत. ज्यांचा आक्षेप चावडीपर्यंत पोहोचला नाही, त्यांचा आक्षेप निदान आपल्या वहीत तरी उतरेल, आणि तेथून तहसील कचेरी दूर नाही.