टक्केवारीचा छेद

कापसावर पोसलेल्या धनज गावात, जेथे वेचणीपासून जिनिंगपर्यंतच्या दिवसांत खोकल्याकडे ऋतुमानाचा भाग म्हणूनच पाहिले जाते, तेथे आयुष्य काढलेल्या व विडीला कधी न शिवलेल्या माझ्यासारख्या धडधाकट मनुष्याच्या हाती शहरातील एका रुग्णालयाने श्वसनक्षमतेचा जो अहवाल दिला, त्यात ‘अपेक्षिताच्या 76 टक्के’ हा आकडा व त्यापुढे फुप्फुसे आकुंचित झाल्याचा शेरा होता. आणि त्या शेऱ्यापाठोपाठ स्कॅनची शिफारस, पैशांची जुळवाजुळव व घरच्यांची झोपमोड हे सारे ओघानेच आले.

पुढे छातीच्या विकारांच्या एका वयोवृद्ध डॉक्टरांनी त्या टक्केवारीचा छेद तपासला. यंत्रात युरोपीय माणसांचे प्रमाण कायम होते, आणि माझी उंची न मोजता केवळ विचारून लिहिली गेली होती. दोन्ही गोष्टी दुरुस्त होताच तोच श्वास निरोगी मर्यादेत बसला. वय, लिंग व उंची यांवरून मनुष्याने किती हवा फुंकावी याचा अंदाज बांधतात; हाच तो छेद. उंचीचा हा संबंध इंग्रज वैद्य जॉन हचिन्सन यांनी 1846 मध्येच दाखविला होता. परंतु तो अंदाज कोणत्या निरोगी माणसांवरून बांधला? 2012 च्या जागतिक समीकरणांसाठी 3 ते 95 वयाच्या, धूम्रपान न करणाऱ्या 74,187 व्यक्तींची मापे घेतली गेली, तरी त्यांच्या चार गटांत भारतीयांचा गट नव्हता. मुंबईत मात्र डॉ. फारोख उदवाडिया व सहकाऱ्यांनी 1987 मध्येच निरोगी भारतीयांची मापे प्रसिद्ध केली होती, आणि 2016 मध्ये पश्चिम भारतातील प्रौढांसाठी समीकरणेही निघाली.

म्हणून अहवालावर वापरलेल्या प्रमाणाचे नाव व साल लिहून मागावे, पादत्राणे काढून उंची मोजून घ्यावी, तीन निर्दोष फुंकांपैकी सर्वोत्तम दोहोंत 150 मिलिलीटरांहून अधिक तफावत नाही याची खातरजमा करावी, आणि 80 टक्क्यांच्या सरधोपट रेषेऐवजी, शंभर निरोगी माणसांतील तळाचे पाच जिच्याखाली येतात, ती किमान मर्यादा विचारावी.

परकीय प्रमाणातून सरसकट दहा टक्के वजा करून निश्चिंत होणे मला तितकेच घातक वाटते. कारण बालपणीचे कुपोषण, चुलीचा धूर व कापसाची धूळ यांनी घटविलेली क्षमता त्या वजाबाकीत स्वाभाविक म्हणून खपून जाते. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने 2023 मध्ये वंशनिरपेक्ष प्रमाणाची शिफारस केली, तिच्यामागे अशीच चिंता होती. जिनिंगमध्ये राबणाऱ्या माझ्या गावकरी बंधुभगिनींनी हंगामापूर्वी एकदा व हंगाम सरताना पुन्हा, दोन्ही वेळा एकाच प्रमाणाने तपासणी करावी, दोन्ही कागद दप्तरी जपावेत, आणि सुट्टीनंतर कामावर रुजू होताच पहिल्या दिवशी छाती आवळत असेल, तर आकडे चांगले असले तरी ती गोष्ट डॉक्टरांच्या कानी घालावी.